निदानानंतरची सोबत

रोग्याला त्याच्या रोगाचें नांव सांगावें कीं न सांगावें, हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे. परंतु जो रोग स्मृतीवरच घाला घालतो, त्याच्या बाबतींत हा प्रश्न फार काळ कोणी विचारलाच नाहीं. ज्याला आजची गोष्ट उद्यां आठवणार नाहीं त्याला सांगून उपयोग काय, असें डॉक्टर म्हणत आणि घरचीं माणसें मान डोलावीत. स्मृतिभ्रंशाच्या रोग्यापर्यंत त्याच्याच रोगाची वार्ता कशी पोंचली, आणि वार्तेमागून आधार यावयास किती काळ लागला, याचा इतिहास म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

१९०१ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं, मनोरुग्णांच्या इस्पितळांत ऑगुस्टे डेटर नांवाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनीं नांव विचारतां तिनें ‘ऑगुस्टे’ असें उत्तर दिलें. आडनांव विचारलें तरी तेंच उत्तर, नवऱ्याचें नांव विचारलें तरीही तेंच. आपण स्वतःलाच हरवून बसलों आहों, अशा अर्थाचे तिचे उद्गार डॉक्टरांनीं टिपून ठेवले आहेत. म्हणजे आपल्या हातून कांहींतरी निसटत आहे, हें त्या बाईला कळत होतें. १९०६ च्या एप्रिलांत ती वारली. त्याच वर्षीं ३ नोव्हेंबर रोजीं ट्यूबिंगेन येथील सभेंत अल्झायमर यांनीं तिच्या मेंदूंत आढळलेली विकृति विद्वानांपुढें मांडली, आणि १९१० सालीं एमिल क्रेपेलिन यांनीं आपल्या ग्रंथांत रोगाला त्यांचें नांव दिलें. शास्त्राला नवें ज्ञान लाभलें. परंतु रोग्याला काय सांगावें आणि घरच्यांनीं काय करावें, हा विचार मागेंच राहिला.

पुढें कित्येक वर्षें हें नांव प्रौढ वयांत क्वचित् होणाऱ्या विकारापुरतेंच वापरीत. वृद्धांचा विसराळूपणा हा वयाचाच धर्म मानला जाई. महाराष्ट्रांत त्यासाठीं ‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आणि ‘म्हातारचळ’ हा शब्द तयारच होता. त्यांत हंसूं होतें, पण औषध नव्हतें. १९७६ सालीं अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट कॅट्झमन यांनीं, वृद्धांचा हा विकार आणि अल्झायमरचा रोग हे एकच होत, असें आग्रहानें प्रतिपादिलें. दुर्मिळ समजलेला रोग घरोघरचा ठरला.

मग घरोघरचे लोक एकत्र आले. इंग्लंडांत १९७९ सालीं, तर अमेरिकेंत १९८० सालीं अशा संस्था निघाल्या. अमेरिकेंतील संस्थेचे एक संस्थापक जेरोम स्टोन यांच्या पत्नीलाच हा रोग जडला होता. १९८४ सालीं आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. भारतांतील संस्था १९९२ सालीं केरळांत सुरू झाली. माहितीपत्रकें, सल्ला आणि शुश्रूषा करणाऱ्यांच्या बैठकी यांमुळें कुटुंबांना मोठा धीर आला. मात्र ही बहुतेक मदत नातेवाइकांसाठीं होती. रोगी शेजारच्या खोलींतच बसून राहिला.

तें दार उघडलें तें स्वतः रोग्यांनीं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनीं ५ नोव्हेंबर १९९४ रोजीं स्वहस्तें लिहिलेल्या पत्रानें आपला रोग देशबांधवांना कळविला. स्कॉटलंडांत २००२ सालीं रोग्यांनीं स्वतःचें मंडळच काढलें. ऑस्ट्रेलियांतील केट स्वॅफर यांना २००८ सालीं, वयाच्या ४९ व्या वर्षीं, निदान सांगण्यांत आलें. नोकरी सोडा, शिक्षण सोडा, निरवानिरव करा, असा सल्ला त्यांना मिळाला. डॉक्टरानें लिहून दिलेला हा संसारसंन्यासच होय, अशा आशयाची टीका त्यांनीं केली, आणि शिक्षण न सोडतां पदव्या मिळविल्या.

अशा मागण्यांचें फळ म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारनें २०१३ सालीं दिलेलें वचन. निदान झालेल्या प्रत्येकास किमान एक वर्ष नेमून दिलेल्या मार्गदर्शकाची सोबत मिळावी, असें तें वचन आहे. रोग समजून घेऊन त्याच्यासह दिवस काढणें, गांवांतील ओळखी व नातीं टिकविणें, समदुःखी माणसांशीं गांठ घालणें, पुढील निर्णय कोणीं घ्यावेत हें ठरविणें आणि भावी शुश्रूषेची आंखणी करणें, हीं त्याचीं पांच अंगें. तें वचन सर्वांपर्यंत पोंचलेलें नाहीं, तरी वाट दिसली आहे.

रोग समूळ बरा करणारें औषध अद्यापि सांपडलेलें नाहीं. भारतांत आजही पुष्कळदां निदान प्रथम मुलाच्या कानीं सांगितलें जातें, आणि मायेपोटीं तें वडिलांपासून लपविलें जातें. परंतु आपल्या पैशाअडक्याची व्यवस्था कशी व्हावी, शेवटचे दिवस कोणाजवळ जावेत, हें बोलून दाखविण्याची शक्ति रोग्याच्या अंगीं आरंभींच असते. लपविण्यांत तो काळ निघून जातो. आणि नुसतें नांव सांगून पाठ फिरविली, तरी तो दुःखांतच सरतो. म्हणून रोगाचें नांव सांगणाऱ्यानें पुढील कांहीं पावलें रोग्याबरोबर चालावें, हीच या इतिहासाची शिकवण आहे.