आधी चालवून दाखवा : जुन्या मोटारसायकलींचं रूप आणि आपला रस्ता

पेणमध्ये उभं राहून रूपाबद्दल बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. इथे शाडूच्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारे कारागीर बसलेले आहेत. त्यांच्या एका रेषेत जे येतं, ते आमच्या तासाभराच्या भाषणात येत नाही. तरी आजचा विषय रूपाचाच आहे. फक्त मूर्तीच्या नव्हे, मोटारसायकलीच्या.

जुनी बुलेट, जावा, येझदी किंवा राजदूत घ्यायची, कापायची, जोडायची आणि तिला नवं रूप द्यायचं, हा छंद आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. मग प्रदर्शनं भरतात, बक्षिसं दिली जातात. बक्षीस कशाला द्यायचं? दिसण्याला की चालण्याला?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका छोट्या प्रदर्शनात मी परीक्षक होतो. मंडपात एक जुनी साडेतीनशेची बुलेट उभी होती. मागचे शॉकॅब काढून मागचं चाक थेट चेसिसला जोडलेलं, पुढचा फोर्क वीतभर लांबवलेला, टाकीवर हाताने केलेलं सुरेख रंगकाम. मी तिला पहिला नंबर दिला. गाडी टेम्पोतून उतरवताना मी पाहिली होती, पण त्याचा अर्थ काही माझ्या डोक्यात शिरला नाही. बक्षीस मिळाल्याच्या आनंदात तो मुलगा गाडी चालवत रोह्याला निघाला. नागोठण्याच्या पुढे भिसे खिंडीत एका वळणावर गाडी वळलीच नाही. मुलगा वाचला, हात मोडला. त्याने कुणाला दोष दिला नाही. पण त्याच्या प्रशस्तिपत्रकावर माझी सही होती, आणि मला तेव्हापासून वाटत आलंय की ती सही त्या पडण्यावरही आहे.

म्हणून मी मागे जाऊन बघायला लागलो, की ही रूपं मुळात आली कुठून?

पहिलं रूप बॉबर. अमेरिकेत १९३०-४० च्या दशकांत पोरांनी जड गाड्यांचे मडगार्ड कापले, नको ते सामान काढून टाकलं. कशासाठी? वजन कमी व्हावं, गाडी पळावी म्हणून. त्या काळात बहुतेक गाड्यांच्या मागच्या चाकाला स्प्रिंगच नसायची. त्यामुळे ज्याला आज ‘हार्डटेल’ म्हणून मिरवतात, ती तेव्हा कुणी निवडलेली शैली नव्हती. गाड्याच तशा येत होत्या.

दुसरं रूप कॅफे रेसर. १९५० च्या दशकाच्या शेवटी आणि साठच्या दशकात लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर ‘एस कॅफे’ हा या पोरांचा अड्डा होता. ताशी १०० मैल गाठायचे, ही त्यांची ईर्षा. हँडल खाली घेतलं, फुटरेस्ट मागे नेले, कारण वाऱ्याला छाती द्यायची नव्हती. म्हणजे ते ओणवं बसणं वेगासाठी होतं, फोटोसाठी नव्हतं. १९६४ साली रॉयल एनफिल्डने याच धर्तीची ‘कॉन्टिनेंटल जीटी’ कारखान्यातून काढली. तिची जाहिरात कशी केली? ब्रिटनच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत २४ तासांच्या आत चालवून दाखवली!

तिसरं रूप चॉपर. लांबच लांब फोर्क, उंच हँडल. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या सिनेमाने ते जगभर नेलं. इथे मात्र रूप पुढे गेलं आणि चालणं मागे राहिलं, हे मान्य करायला हवं. तरीही त्या गाड्यांसमोर अमेरिकेचे रुंद, सरळ, मैलोन् मैल न वळणारे रस्ते होते.

आता थोडं तंत्र सांगतो, कंटाळू नका. फोर्क लांबवला की गाडीचं तोंड वर उचललं जातं आणि फोर्क जास्त तिरका, पुढे आडवा होतो. सरळ रस्त्यावर वेगात ही गाडी रुळावरून गेल्यासारखी जाते. पण हळू वेगात, आखूड वळणावर तेच हँडल जड होतं आणि एकदम एका बाजूला पडायला बघतं. त्यात मागे शॉकॅब नसला तर वळणातल्या खड्ड्यावर चाक उचलतं. उचललेलं चाक रस्ता धरत नाही. माझ्या त्या पहिल्या नंबरच्या गाडीचं खिंडीत हेच झालं असणार. बांधणाऱ्याचा हात वाईट नव्हता. ती गाडी ज्या रस्त्यासाठी होती, तो रस्ताच रायगड जिल्ह्यात नाही.

आता आपल्या गाड्यांकडे या. इथे मला खरी गंमत सापडली.

बुलेट मूळची इंग्लंडच्या रेडिचची. १९४८-४९ च्या सुमारास ती नव्या रूपात आली तेव्हा तिचं वैशिष्ट्य काय होतं? मागच्या चाकाचा चिमटा आणि त्यावरचे शॉकॅब. तेव्हा बऱ्याच गाड्यांकडे हे नव्हतं. पुढे आपल्या सैन्याने सीमेवरच्या गस्तीसाठी बुलेट घेतली आणि १९५५ साली मद्रासमध्ये तिची जुळणी सुरू झाली. तिकडे इंग्लंडमध्ये कंपनी बंद पडली, इकडे गाडी चालूच राहिली. म्हणजे जो शॉकॅब या गाडीचा मान होता, तोच आम्ही कापून काढतो आणि वर म्हणतो, जुना लूक आणला! (हशा)

जावाची गोष्टही तशीच. १९४६ साली चेकोस्लोव्हाकियात जावाने २५० सीसीची नवी गाडी दाखवली. मागच्या चाकाला स्प्रिंग होती म्हणून लोक तिला ‘पेराक’ म्हणायला लागले. युद्धाच्या काळात प्राग शहरात स्प्रिंगांवर उड्या मारत फिरणाऱ्या माणसाची दंतकथा होती, त्याचं हे नाव. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात, फारोख इराणींच्या देखरेखीखाली, आपल्याकडची जावा बनू लागली. पुढे तीच येझदी झाली. २०१८ मध्ये जावा परत आली तेव्हा बॉबर रूपाच्या गाडीला ‘पेराक’ हे नाव दिलं गेलं. कंपनीने तिला मागे शॉकॅब ठेवलाय, हे चांगलं केलं. पण नाव घेणाऱ्या किती जणांना माहीत असतं, की ते नाव रूपाचं नसून बसणाऱ्याच्या कंबरेला मिळालेल्या सुखाचं आहे?

आणि राजदूत. १९७३ च्या ‘बॉबी’ सिनेमात राजदूतची बुटकी, छोट्या चाकांची जीटीएस दिसली आणि तिचं नावच बॉबी पडलं. पोरं वेडी झाली होती. पण गावागावांत टिकली ती साधी १७५ ची राजदूत. दूधवाल्याने गावातल्या वेल्डरकडून दोन्ही बाजूंना कॅनसाठी लोखंडी कॅरिअर करून घेतला. वजन किती, तोल कुठे, कॅन भरले की वळताना फुटरेस्ट घासेल का, हे सगळं त्या वेल्डरने बघितलं. माझ्या मते आपल्याकडचा पहिला खरा कस्टम बिल्डर तो. त्याला कुणी ट्रॉफी दिली नाही.

एवढा इतिहास सांगून मला काय म्हणायचंय? यातली बरीचशी रूपं कुठल्या तरी रस्त्याचं उत्तर म्हणून जन्माला आली. आपण उत्तर उचललं, प्रश्न तिथेच ठेवला. आपला प्रश्न वेगळा आहे. पेणहून रोह्याला जायचं तर वडखळची गर्दी, महामार्गाचं वर्षानुवर्षं चाललेलं काम, खड्डे, नागोठणं, मग खिंडीची वळणं. सुमारे ४० किलोमीटर. पावसाळ्यात तर विचारूच नका. त्या रस्त्यावर जे रूप शोभेल, ते आपलं.

कायद्याचंही एक सांगायला हवं. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलंय. शिवाय २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी. म्हणजे १९७० ची बुलेट आज कापली, तर तिचा हा हक्क गेला. म्हणून मी मुलांना सांगतो, बोल्टने जोडता येईल ते बदला आणि काढलेला भाग जपून ठेवा. चेसिसला ग्राइंडर लावू नका. कापलेली चेसिस पुन्हा मूळची होत नाही.

काही जण म्हणतात, सर, मग कलेला जागाच नाही का? आहे ना. गणपतीची मूर्ती कुठे चालवायची असते? ती बघायची, पुजायची आणि विसर्जन करायची. निव्वळ बघण्यासाठी गाडी बनवायची असेल तर खुशाल बनवा, तिचा गट वेगळा ठेवा. पण तिला रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचं बक्षीस देऊ नका, कारण बक्षीस मिळालं की पोरगा ती चालवणारच.

अमेरिकेत पेबल बीचला जुन्या मोटारींची फार मानाची सौंदर्यस्पर्धा होते. तिथे १९९८ पासून स्पर्धेआधी गाड्यांची रस्त्यावर सफर ठेवतात. दोन गाड्यांचे गुण सारखे झाले, तर सफर पूर्ण करणारी पुढे जाते. इतक्या नटव्या स्पर्धेलाही हे सुचलं.

आता मी परीक्षक असलो की क्रम असा ठेवतो. गाडी थंड असताना मालकाने स्वतः किक मारून चालू करायची. मैदानात चालण्याच्या वेगाने, पाय न टेकता, दोन्ही बाजूंना वळवून दाखवायची. मग ब्रेक. मग खिंडीपर्यंत जाऊन परत. आणि परत आल्यावर, चिखल न पुसता, मी तिचं रूप बघतो. तेव्हाही जी गाडी देखणी वाटते, तिला पहिला नंबर.

रोह्याचा तो मुलगा आता स्वतः गाड्या बांधतो. त्याची नवी बुलेट मी पाहिलीय. शॉकॅब आहेत, मडगार्ड आहे, हँडल साधं आहे, रंग मात्र तोच सुरेख. मी विचारलं, प्रदर्शनात लावणार का? म्हणाला, “लावीन ना सर. पण चालवत आणीन.”