पुरुषभर उंची

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

विहिरीची खोली सांगायला आमच्या कोकणात पूर्वी ‘पुरुष’ हे माप वापरत. पाणी चार पुरुष, गाळ एक पुरुष, असा हिशेब. माणूस उभा राहिला की त्याची जेवढी उंची तेवढा एक पुरुष. हे माप आता कोणी वापरत नाही. पण आज मी ज्या व्हिडिओ गेमविषयी बोलणार आहे, त्याच्या नायकाचा जीव नेमका या मापाने मोजलेला आहे. तो स्वतःच्या उंचीहून थोड्या जास्त अंतरावरून पडला की मरतो. दरी, कडा काही लागत नाही.

व्हिडिओ गेम म्हटल्यावर काही वडीलधारी श्रोते रेडिओ बंद करायला उठतील. त्यांनी पाच मिनिटे कळ काढावी, कारण या गोष्टीत एक आजोबाही आहेत.

१९९४ साली मी नववीत होतो. पुण्यात तपकीर गल्लीतून वडिलांनी एक टीव्हीला जोडायचे खेळयंत्र आणले. समुराई, लिटल मास्टर, मीडिया अशा नावांची यंत्रे तेव्हा घरोघरी शिरत होती. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या फॅमिकॉम यंत्राचीच ही भावंडे, काही मानाची तर काही बिनबापाची. बरोबर एक पिवळी कॅसेट मिळाली. तिच्यावर लिहिले होते, ९९९९९९९ खेळ. प्रत्यक्षात वीसेक निघाले आणि बाकी त्यांचीच उजळणी. कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची, हे शास्त्र आम्हाला कोणी शिकवले नव्हते, तरी गल्लीतल्या प्रत्येक मुलाला येत होते.

त्या वीसात मारिओ होता, कॉन्ट्रा होता, कुंगफू होता आणि एक स्पेलंकर होता. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ हौसेने गुहांत उतरणारा माणूस. मित्र जमले की स्पेलंकर कोणीतरी चुकून लावी आणि दोन मिनिटांत हशा पिकत असे. गडी लिफ्टमध्ये बसून गुहेत उतरायचा. लिफ्ट काठाशी नीट लागायच्या आत कळ दाबली की खाली पडून मेला. उतारावर उडी मारली, मेला. दोरीवर लोंबकळताना बोट चुकले, मेला. वटवाघळाची विष्ठा अंगावर पडली, तरी मेला! मरताना तो लुकलुकायचा आणि एक छोटी करुण धून वाजायची. दोन-चार जीव असे खर्ची पडले की कोणीतरी यंत्राची कळ दाबून कॉन्ट्रा लावायचा.

मला तो खेळ आवडत होता. पण हे मी कोणाला सांगितले नाही. नववीतल्या मुलाला आपली आवड लपवायला फार मोठे कारण लागत नाही. शाळेत विचारले तर मीही कॉन्ट्राच सांगायचो.

घरात मात्र एक साक्षीदार होता. आजोबा तेव्हा रत्नागिरीकडच्या आमच्या गावाहून पुण्याला राहायला आले होते. दुपारी त्यांना झोप येत नसे. ते खुर्ची ओढून माझ्या मागे बसत. मारिओ त्यांना पटला नाही. तो घराच्या उंचीवरून खाली येतो आणि चालू लागतो, हे पाहून ते म्हणाले, “या टोपीवाल्याला हाडं नाहीत रे.” स्पेलंकर लावला तेव्हा गडी पहिल्याच खाचेत गेला. मी ओशाळून बंद करायला निघालो, तर आजोबा म्हणाले, “राहू दे बाबू. हा माणूस आहे. पुरुषभर पडला की मरणारच. पाय बघून टाक.”

तरुणपणी आजोबा दर वैशाखात गावच्या विहिरींत गाळ काढायला उतरत. त्यामुळे त्या गुहेतल्या गोष्टी मी त्यांना समजावून सांगायच्या त्याऐवजी तेच मला समजावून सांगू लागले. पडद्यावर एक पट्टी असते, ती सारखी आटत जाते; ती संपली की गडी संपला. मधे मधे सापडणाऱ्या वस्तू उचलल्या की ती पुन्हा भरते. मला वाटे हा खेळवाल्यांचा जुलूम आहे. आजोबांना ती पट्टी पाहताक्षणी कळली. म्हणाले, आम्ही आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडत असू. विझला तर माणूस उतरवायचा नाही. आत हवा किती, ते आधी बघायचे आणि मग गाळ. खडक फोडायला बॉम्ब ठेवायचा आणि मागे सरायचे, हेही त्यांना सांगावे लागले नाही. भूत आल्यावर संगीत बदलते आणि त्याच्यावर हवेची बंदूक रोखावी लागते, एवढे एक त्यांना पोरकट वाटले.

त्यांनी नकाशा काढायला घेतला. एका बँकेच्या जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पाने जोडून त्यांवर लिफ्ट, शिड्या, दोऱ्या, खाचा. गुहेत लाल आणि निळ्या किल्ल्या असतात, त्यांनी तशीच दारे उघडतात. आजोबांकडे हिशेबनिसांची लाल-निळी पेन्सिल होती, ती कामी आली. जिथे मी तीनदा मेलो तिथे ते एक बारीक फुली मारीत. पुढे पुढे फुल्या इतक्या झाल्या, की वाट कोणती ते फुल्या नसलेल्या जागेवरून ओळखायचे. दोन महिन्यांत आम्ही अर्ध्या गुहेपर्यंत पोहोचलो.

हा खेळ असा का, याचा शोध मी पुष्कळ नंतर घेतला. इतिहास हा माझा शिकवण्याचा विषय, तेव्हा सवयीने तारखा लावून पाहिल्या आणि तिथे मला एक मजेशीर गोष्ट सापडली. स्पेलंकर मुळात जपानी नाहीच. तो टिम मार्टिन या अमेरिकन माणसाने १९८३ मध्ये अटारीच्या घरगुती संगणकासाठी केला. त्या काळात पडून मरणे हा काही विक्षिप्त नियम नव्हता. १९८१ चा डाँकी काँग घ्या. त्यातला शिड्या चढणारा मिस्त्री म्हणजे पुढे मारिओ झाला तोच गडी. तोही स्वतःच्या उंचीहून जास्त पडला तर मरत असे! इंग्लंडात १९८३ मध्ये आलेल्या मॅनिक मायनर या खेळातला खाणकामगारही तसाच. म्हणजे आजोबांच्या टोपीवाल्याला एके काळी हाडे होती.

ती गेली १९८३ ते १९८५ च्या दरम्यान. १९८३ च्या मारिओ ब्रदर्समध्ये तो पडून मरेनासा झाला, आणि १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये सुपर मारिओ ब्रदर्स आला. त्यात खड्ड्यात गेला तरच मरण, एरवी कितीही उंचावरून खाली या. धावा, उड्या मारा, जमीन तुम्हाला झेलायला उभी आहे. लाखो मुलांच्या बोटांना तीन महिन्यांत हा नियम पाठ झाला. आणि त्याच वर्षी डिसेंबरात, म्हणजे मारिओच्या पाठोपाठ, आयरेम या कंपनीने स्पेलंकरची फॅमिकॉमवरची आवृत्ती विकायला काढली. आयरेम काही लेचीपेची कंपनी नव्हती. आमच्या पिवळ्या कॅसेटमधला कुंगफू मुळात तिचाच, आणि पुढे १९८७ चा गाजलेला आर-टाइपही तिचाच. स्पेलंकरची अस्सल कॅसेट तर अशी ऐटबाज, की यंत्रात घातली की तिच्यावर लाल दिवा लागायचा. (आमच्या नकलेला दिवा कुठला?)

मुलांनी मारिओच्या सवयीने उडी मारली, आणि गडी मेला.

पुढच्या वर्षी, १९८६ मध्ये, जपानमध्ये फॅमिकॉम त्सूशिन हे नियतकालिक सुरू झाले. चार परीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण, बेरीज चाळीसपैकी, ही त्याची पद्धत पुढे जगभर ठाऊक झाली. स्पेलंकर या परीक्षेच्या आधी येऊन गेला, पण निकालातून सुटला नाही. जपानीत ‘कुसोगे’ असा एक शब्द रूढ झाला. त्याचा शब्दशः अर्थ रविवारच्या पुरवणीत छापण्याजोगा नाही. ‘टाकाऊ खेळ’ एवढे समजून घ्यावे. लेखक-चित्रकार जुन मिउरा यांनी तो ‘इक्की’ या खेळाविषयी लिहिताना प्रथम वापरला असे मानतात. इक्की म्हणजे शेतकऱ्यांचा उठाव. खेळात उठाव करायला शेतकरी एक किंवा फार तर दोन, आणि याला उठाव कसा म्हणायचा, हा त्यांचा आक्षेप. १९९८ पर्यंत अशा टाकाऊ खेळांवर जपानमध्ये पुस्तकही निघाले. या पंक्तीत स्पेलंकर मानाच्या पाटावर बसला. ‘व्हिडिओ गेमच्या इतिहासातला सर्वांत दुबळा नायक’ ही त्याची पदवी. जपानी बेसबॉलमध्ये वरचेवर जायबंदी होणाऱ्या खेळाडूला आजही प्रेक्षक ‘स्पेलंकर’ म्हणतात. खेळ फसला तरी त्याचा शब्द भाषेत गेला, असे भाग्य थोड्यांचे असते.

टीकाकार चुकले असे मी म्हणणार नाही. दोरीवरून उडी मारताना कळ आणि दिशा दोन्ही बरोबर एका वेळी दाबावी लागतात. जरा मागेपुढे झाले की गडी दगडासारखा खाली. हा दोष कारागिरीचा आहे, त्याला तत्त्वज्ञान चिकटवू नये. पाच हजार येनच्या आसपास किंमत मोजून दिवाळीसारख्या सणाला, म्हणजे तिकडच्या नववर्षाला, ही एकच कॅसेट मिळालेल्या मुलाचा संतापही खरा. पण त्या निकालात एक गोष्ट न बोलता गृहीत धरली होती. ती ही की, गडी पडून मरत नाही हाच खेळाचा नैसर्गिक नियम आहे. तो नियम नैसर्गिक होऊन तीन महिने झाले होते. इतिहासात आपण हे सतत करतो. काल रूढ झालेल्या मापाने परवाची गोष्ट मोजतो आणि ती आखूड भरली म्हणून हसतो. मारिओमध्ये गंमत वेगाची आहे आणि स्पेलंकरमध्ये पावलाची. पुढचे पाऊल कुठे टाकायचे एवढाच प्रश्न, पण तो प्रत्येक पावलाला. त्यात रंगलेला मुलगा बाहेरून अगदी कंटाळलेला दिसतो, म्हणून त्याच्या आनंदावर कोणाचा विश्वास बसत नाही.

१९९५ च्या पावसाळ्यात आजोबा आमच्या न्हाणीघराच्या पायरीवरून घसरले. पायरी वीतभर उंच होती. खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर ते गावी गेले नाहीत आणि खुर्चीतही फारसे बसले नाहीत. पुढच्या मार्चमध्ये ते गेले. त्या काळात एकदा मित्र घरी आले असताना कोणीतरी नेहमीप्रमाणे स्पेलंकर लावला, आणि गडी पडल्यावर सगळे हसले. मी कॅसेट काढून घेतली. काही बोललो नाही, कारण बोलायचे म्हणजे मुळापासून सगळेच सांगावे लागले असते.

तिकडे जपानमध्ये मात्र दिवस पालटत होते. ज्यांनी लहानपणी या गड्याला हसून मारले, ती मुले मोठी झाली आणि त्यांना त्याची आठवण येऊ लागली. २००९ मध्ये प्लेस्टेशन ३ वर ‘मिन्ना दे स्पेलंकर’ आला. नावाचा अर्थ ‘सगळे मिळून स्पेलंकर’. शंभर टप्पे, सहा जणांनी दूरवरून एकत्र खेळण्याची सोय, चित्रे नवी कोरी. करणाऱ्यांनी सगळे बदलले आणि एक गोष्ट ठेवली, गडी अजूनही पडून मरतो. ती काढली असती तर कोणी विकत घेतला नसता. २०१७ मध्ये निन्टेन्डो स्विचवरही त्याचा एक अवतार आला. अमेरिकेत डेरेक यू यांनी २००८ मध्ये ‘स्पेलंकी’ नावाचा खेळ फुकट वाटला. नावातच जुन्या गड्याची आठवण आहे. २०१२ मध्ये तो एक्सबॉक्सवर नव्या रूपात आला आणि समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. त्यातही माणूस शेकडो वेळा मरतो, पण तोवर वारंवार मरणे हा गुण ठरला होता. मी तो खेळलो, चांगला आहे. फक्त तिथे भुयार दर डावाला बदलते, त्यामुळे नकाशा काढण्यात अर्थ नसतो.

दोन वर्षांपूर्वी घर बदलताना माळ्यावरून ते यंत्र आणि पिवळी कॅसेट निघाली. खोक्याच्या तळाशी कॅलेंडरची पाने होती, घडीवर थोडी विरलेली. जुना टीव्ही मिळवायला पंधरा दिवस गेले. मुलगी बारावीत आहे, तिने पहिल्या दहा मिनिटांत सातदा मरून मला विचारले, “बाबा, तुम्हाला हे खरंच आवडायचं?” मी हो म्हणालो. हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोललो, असे नंतर लक्षात आले.

मग रोज रात्री तासभर मी एकटा खेळत गेलो. नकाशा संपतो तिथून पुढची अर्धी गुहा माझी मीच शोधली, आणि सव्वा महिन्याने तळाच्या पिरॅमिडमधला खजिना मिळाला. मला वाटले, झाले. पण हा खेळ तिथे थांबत नाही, तो पुन्हा लिफ्टपाशी आणून सोडतो. गुहा तीच, खाचा त्याच, फक्त या फेरीला किल्ल्या दिसत नाहीत. असतात जागच्या जागी, पण अदृश्य.

मी कॅलेंडरची पाने टीव्हीसमोर पसरली आणि लाल-निळ्या खुणांवर बोट ठेवून उतरायला लागलो.