परम ८०००

पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक, स्थापना १९८८) विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये उभारलेला आपला पहिला समांतर महासंगणक. अमेरिकेच्या निर्यातनिर्बंधांमुळे तो बाजारात मिळणारे घटक जुळवून तयार करण्यात आला. अशा जुळणीत घटकाच्या वेगाइतकीच त्याची इतरांशी सुसंगती महत्त्वाची असते. ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीच्या टी ८०० ट्रान्सप्यूटरात प्रक्रियक, अल्प स्मृती व ४ संदेशवाहक जोडण्या एकाच चिपवर होत्या. त्यामुळे ६४ प्रक्रियकांची जुळणी सुकर झाली. मात्र या जोडण्या एकाच उत्पादकाच्या घटकांपुरत्या होत्या आणि त्याचा पुढील टी ९००० प्रक्रियक रखडला. ‘परम ९०००’ (१९९४) या यंत्राची रचना निरनिराळे प्रक्रियक सामावून घेता येतील अशी करण्यात आली.