सी ड्राइव्ह फुल झालाय? डिलीट करण्याआधी हे वाचा
लॅपटॉपचा सी ड्राइव्ह लहान असेल, तर एकही फोटो न ठेवता तो भरू शकतो. विंडोजचं मोठं अपडेट झालं, की जुनी आवृत्ती ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये उरते आणि कित्येक जीबी जागा अडवते. साधारण १० दिवसांनी ती आपोआप जाते.

घाई असेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज आणि मग ‘टेम्पररी फाइल्स’ इथे जा. पण ती काढली की जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही.

याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. त्यावर टिक राहिली, तर तुमची कागदपत्रंही जातील.

‘विनएसएक्सएस’ फोल्डर कितीही मोठं दिसलं, तरी त्यातलं काही स्वतः डिलीट करू नका. लॅपटॉप सुरूच होणार नाही, अशी वेळ येऊ शकते.