‘लंका’ नावाचं आडनाव

ज्यांना कानात इअरफोन घालायचा कंटाळा येतो, त्यांच्यासाठी या भागाची ही लेखी आवृत्ती.

माझ्या मामाची निफाडला द्राक्षबाग आहे. एप्रिल छाटणी झाली की डोळे फुगतात आणि त्यावर उडद्या भुंगेरा येतो. त्याने कोवळा डोळा कुरतडला की तिथून फूटच येत नाही. मी एकदा विचारलं, ‘मामा, याचं शास्त्रीय नाव काय?’ तो म्हणाला, ‘नाव घेऊन काय करू? औषध सांग.’ तर आजची गोष्ट मामासाठी.

उडद्या ज्या घराण्यातला आहे, त्याच पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या घराण्यातला एक भाऊबंद केरळात मिरीच्या वेलावर राहतो. जेमतेम अडीच मिलिमीटर. त्याची अळी मिरीचा दाणा आतून खाते, बोटांनी दाबला की दाणा फुटतो. म्हणून तो ‘पोल्लू’, म्हणजे पोकळ. शेतीच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं त्याचं नाव छापलं जायचं ‘लाँगिटार्सस निग्रिपेनिस’. ते चूक होतं.

आता जरा मागे जाऊ. हिंदुस्थानातल्या या भुंगेऱ्यांची पहिली मोठी यादी लिहिली मार्टिन जॅकोबीने. हा पोटापाण्यासाठी व्हायोलिन वाजवायचा, शिकवायचा. भुंगेरे म्हणजे त्याचा छंद! १९०७ मध्ये तो गेला आणि त्याचा खंड १९०८ मध्ये छापून आला. काम अर्धवटच होतं. पुढचे तीन खंड, १९१९, १९२६ आणि १९३६ चे, एका भारतीयाने लिहिले: समरेंद्र मौलिक. इंग्रज राजवटीत, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून. हे नाव मला शाळेत कुणी सांगितलं नाही, याचा थोडा रागच आहे.

१९२६ मध्ये मौलिकांनी एक नवीन जीनस मांडला. नाव ठेवलं ‘लंका’. जीनस म्हणजे आडनाव समजा, फक्त ते आधी लिहितात. जंगलात सापडतो तो भुंगेरा. जीनस माणूस ठरवतो. टाचण्यांना लावलेले शेकडो नमुने भिंगाखाली घ्यायचे. मिशांचे सांधे, पंखांवरच्या टिंबांच्या रांगा, पुढच्या पायाची खोबण मागून बंद की उघडी, असं एकेक बघायचं. मग लिहायचं, की हे गट शेजाऱ्यांपासून वेगळे का. आम्ही कोडमध्ये नवीन क्लास करतो तेव्हा रिव्ह्यूमध्ये कुणीतरी विचारतंच, ‘जुन्यात का नाही बसत?’ इथेही तोच प्रश्न, फक्त उत्तर शंभर वर्षं तपासलं जातं.

मौलिकांची नजर बारीक होतीच. या उड्या मारणाऱ्या भुंगेऱ्यांच्या मागच्या मांडीत एक स्प्रिंग असते. स्नायू ती ताणतात, ती सुटली की भुंगेरा उडतो. १९२९ मध्ये त्यांनी तिच्यावर लिहिलं. तिला आजही ‘मौलिकचा अवयव’ म्हणतात.

परत मिरीकडे. के. डी. प्रतापन आणि सी. ए. विरक्तमठ यांनी पोल्लू नीट तपासला. तो लाँगिटार्सस नव्हताच. तो मौलिकांच्या ‘लंका’त बसत होता, आणि तोही नवीन प्रजाती म्हणून. आज त्याचं नाव ‘लंका रामकृष्णाई’. म्हणजे इतकी वर्षं ज्याच्यावर फवारे मारले, त्याला स्वतःचं नाव नव्हतं. जुने सगळे अहवाल चुकीच्या नावाखाली आहेत, त्यामुळे आजही सर्च करायचा तर दोन्ही नावं टाकावी लागतात. डेटाबेसवाल्यांना हे दुखणं कळेल.

आणि मामाचा उडद्या? तो व्हायोलिनवाल्याच्या १९०८ च्या खंडातल्या गटात येतो: ‘स्केलोडोंटा स्ट्रिगिकॉलिस’. मी मामाला व्हॉट्सॲप केलं. त्याने अंगठा पाठवला, आणि खाली लिहिलं, ‘बरं. औषध?’