भरुचचे वाटाडे आणि समुद्राची भरती

वडोदऱ्याहून सुरतेकडे जाताना भरुचला नर्मदा ओलांडावी लागते, हे आपल्या इकडच्या मराठी मंडळींना ठाऊक आहेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात याच नदीतून रोमन इजिप्तची गलबते भरुच बंदरात येत. ‘पेरिप्लस’ या त्या काळच्या ग्रीक ग्रंथात या वाटेचे धोके सांगितले आहेत.

खंभातचे आखात तोंडाशी रुंद व आत निमुळते. त्यामुळे भरतीचे पाणी कोंडून चढते. उधाणाला मुंबईत ते चार-पाच मीटर चढते, तर भावनगरकडे सुमारे १० मीटर. ओहोटीला तळ उघडा पडतो. भरतीला नदी उलटी वाहते. वाळूत रुतलेले गलबत पुढच्या लोंढ्यात उलटत असे.

म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात. भरती लागली की गलबत ओढत आणायचे, ओहोटीत ठरलेल्या जागी नांगर टाकून थांबायचे, असा त्यांचा क्रम होता.

अमावास्या-पौर्णिमेला पाणी अधिक चढते, हेही त्या ग्रंथात आहे. कोकणात याच चंद्रावरून ठोकळ हिशेब करतात: तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, चतुर्दशीला साडेदहा. अनंत चतुर्दशी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, म्हणजे उधाणातच येते. २०२५ साली लालबागच्या राजाचे विसर्जनही भरतीमुळे कित्येक तास लांबले.

तेव्हा होडीत पाय ठेवण्यापूर्वी तिथल्या तांडेलाला जरूर विचारावे. भरुचला येणाऱ्या परदेशी नाविकांनीही तेच केले होते.