तळटीप : परजीवी आणि रानपक्ष्यांतील जनुकीय वैविध्य
परजीवी म्हणजे दुसऱ्या जीवाच्या, म्हणजेच यजमानाच्या, अंगात वा अंगावर राहून त्याच्याच पोषणावर जगणारा जीव. वांगणीत उल्हास नदीकाठी दिसणारी साधी चिमणी या संदर्भात महत्त्वाची ठरते, कारण पक्ष्यांच्या हिवतापाचा परजीवी डासांच्या चाव्यातून पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९८ साली कलकत्त्यात चिमण्यांवरील प्रयोगांतूनच सिद्ध केले. शरीरात शिरलेल्या परजीवीचे प्रथिनांश संरक्षक पेशींपुढे मांडणारी प्रथिने ज्या जनुकसमूहामुळे तयार होतात, त्यातील जनुकांची अनेक रूपे एकाच पक्षिसमूहात आढळतात. परजीवी बहुधा सर्वाधिक प्रचलित रूपाला चकवण्यात तरबेज होत असल्याने विरळ रूप धारण करणारे पक्षी तगतात, ते रूप वाढते आणि कोणतेच एक रूप कायमचे वरचढ होत नाही. या प्रक्रियेस संतुलनकारी निवड म्हणतात. रोगामुळे विरळ रूपांना असा लाभ मिळू शकतो, हा विचार पुढे भारतात स्थायिक झालेल्या जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ साली मांडला होता. मात्र कोणते रूप लाभदायक ठरते हे सर्वत्र सारखे नसते : फ्रान्समधील चिमण्यांत हिवतापापासून संरक्षणाशी निगडित रूपे ठिकाणागणिक वेगळी आढळली. याउलट हवाई बेटांप्रमाणे परका परजीवी अचानक शिरल्यास पक्ष्यांची संख्याच कोसळते व तिच्याबरोबर वैविध्यही घटू शकते. — संपा.